नावानिशी आभार

ख्रिस्ती घरात आभार मानायला फार लवकर शिकवले जाते. जेवणाआधी प्रार्थना, रात्री पवित्र माळ, परीक्षेत पास झालो की मिस्सा. त्यामुळे 'देवा, तुझे आभार' हे शब्द आम्हां तरुणांच्या तोंडी आपोआप येतात. आजच्या पाठात मात्र आम्ही सुरुवात करणार आहोत ती गाण्यांपासून आणि टीव्हीपासून. या दोन गोष्टी आम्हांला देवापासून दूर नेतात असे वडीलधाऱ्यांना वाटते. (काही मालिकांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे आम्हांलाही पटते!) पण कृतज्ञतेविषयी एक महत्त्वाची गोष्ट आम्हांला गाण्यांच्याच जगात सापडली.

१९४९ साली 'महल' हा चित्रपट आला. त्यातले लताबाईंचे गाणे घरोघरी पोहोचले. पण त्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या नायिकेचे नाव! त्या काळी तशीच पद्धत होती. लोकांनी ते गाणे ऐकले आणि आकाशवाणीकडे विचारणा सुरू केली, की ही गाते ती खरी कोण? मग लताबाईंचे नाव श्रोत्यांना कळले. आम्हांला यात मोठा अर्थ दिसतो. ज्यांना काहीतरी मनापासून मिळाले, ते देणाऱ्याचे नाव विचारल्याशिवाय राहिले नाहीत.

गायकांची नावे पुढे आली, तरी वादक आणि संगीत संयोजक बरेचसे मागेच राहिले. चाल संगीतकाराची, पण कुठे व्हायोलिन, कुठे ट्रम्पेट, कोणत्या सुरावर कोणता सूर बसवायचा, हे कागदावर लिहून वादकांपुढे ठेवण्याचे काम संयोजकाचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे काम करणाऱ्यांत गोमंतकीय कॅथलिक बांधव खूप होते. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई, ते चर्चमधल्या गायनासाठी. तीच विद्या मुंबईच्या स्टुडिओंत उपयोगी पडली. आमचे आजी-आजोबा ज्या गाण्यांवर लग्नात नाचले, त्यांत चर्चच्या गायकवृंदाचे संस्कार होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. १९४०च्या दशकात ते मुंबईला आले, व्हायोलिन वाजवू लागले आणि शिकवूही लागले. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर आधारलेला मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पुढे १९६०च्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर चित्रपटांत न रमता गावी शांतपणे राहिले. त्यांच्या शिष्यांपैकी एक प्यारेलाल, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते. प्यारेलाल यांनी ते गोन्साल्विस करायला सुचवले. ईस्टरच्या मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन अमिताभ बच्चन आपले नाव सांगतो, ते गाणे आजही लग्नाच्या हॉलमध्ये वाजते. सगळे हसतात, नाचतात. ते नाव म्हणजे एका शिष्याने गुरूला दिलेली दक्षिणा आहे. २०१२ साली हे गुरू वारले.

टीव्हीवर काय होते पाहा. चित्रपट संपतो, नामावली सुरू होते, लगेच ती एका कोपऱ्यात आखडते आणि शेजारी पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात येते. मोबाईलवर मालिका पाहताना तर सुरुवातीची नामावली ओलांडायचे बटणच दिलेले असते. गाण्यांच्या स्पर्धांत, मग ते 'सारेगमप' असो वा 'इंडियन आयडॉल', स्पर्धक आईवडिलांचे, गुरूंचे, परीक्षकांचे आणि मत देणाऱ्या प्रेक्षकांचे आभार मानतात. चांगलेच आहे. पण सूर घसरला तर सांभाळून घेणारे वादक मागे बसलेले असतात, त्यांच्याकडे कॅमेरा क्वचितच वळतो.

आता संत लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय उघडू या. दहा कुष्ठरोगी बरे झाले. बाकीचे नऊ कृतघ्न होते असे आम्ही पटकन म्हणतो. पण त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानलेही असतील. शुभवर्तमान त्याविषयी काही सांगत नाही. परतला तो एकटा शमरोनी. त्याने मोठ्याने देवाचा गौरव केला, आणि येशूच्या पायांपाशी येऊन येशूचे आभार मानले. दोन्ही केले. आभार मानण्यासाठी तो आलेल्या वाटेने मागे चालत गेला. 'देवाचे आभार' म्हणून माणसांना वगळणे आम्हांला फार सोपे जाते, म्हणून हे मागे चालणे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

संत पौलाने ते वगळले नाही. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचनात क्वचित येतो, कारण त्यात नुसती नावेच नावे आहेत. फिबी, प्रिस्का, अक्विला आणि कितीतरी. पौल एकेकाचे नाव घेऊन सांगतो, की हिने मला साहाय्य केले, यांनी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला. बाविसाव्या ओवीत तर पत्र ज्याने हाताने लिहून काढले तो तर्तियस स्वतःचे नाव सांगून नमस्कार करतो. पौलाने सांगितले, तर्तियसने लिहिले. इतक्या थोर पत्रात लेखनिकाच्या नावालाही जागा मिळाली! मिस्साबलीला आपण युखरिस्त म्हणतो, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. तिथेही प्रार्थनेत बिशपांचे, संतांचे नाव घेतले जाते.

पुढच्या युवा सभेसाठी: आपल्या आवडीचे एक गाणे निवडा. त्याचे गीतकार, संगीतकार, संयोजक आणि जमल्यास वादक शोधून आणा. संयोजकाचे नाव मिळणे जड जाईल. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांच्याकडे जुन्या रेकॉर्डची पाकिटे असतील तर तीही पाहा. आणि येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच बाहेर न पडता ऑर्गनपाशी जा. वाजवणाऱ्यांना विचारा, की तुम्ही हे कोणाकडून शिकलात. ते जे नाव सांगतील ते लिहून घ्या.