पेठ नाक्याला उतरताना

चिमे, एकटी गाडी घेऊन साताऱ्याहून सांगलीला यायचं ठरवलंस, बरं केलंस. तुझ्या दाजींनी फोनवर ‘सावकाश ये’ एवढंच सांगितलं ना? त्यांचं काय जातं सांगायला! हायवेला लागताना नेमका सावकाशपणाच अंगाशी येतो.

म्हणजे बघ. सेवा रस्त्यावरून तू मुख्य रस्त्यावर चढतेस. चौपदरी रस्त्यावर कारला ताशी 100 किलोमीटरची मुभा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. तू वीस-तीसच्या वेगानं पुढ्यात आलीस, की मागून येणाऱ्याला तू उभीच दिसतेस. म्हणून रॅम्पच्या तुकड्यातच वेग धर, उजवा इंडिकेटर आधीच दे. आरसा बघ आणि मानही वळव. खांद्याजवळची मोटारसायकल आरशात दिसत नाही. फट नाही असं वाटलं तर अलीकडेच थांब, पण अर्धी आत अर्धी बाहेर असं उभं राहायचं नाही. आधीपासून हायवेवर असलेल्याचा हक्क पहिला. मागचा हॉर्न बडवेल, बडवू दे. आणि एकदा थांबलीस की पुन्हा निघायला मोठी फट लागते, हे विसरू नकोस. पहिल्या गिअरवरून वेग यायला वेळ जातो.

तिकडे सहापदरीकरणाचं काम चालू असलेल्या भागात वळणं बदलत असतात. मागच्या खेपेला जिथून चढलीस, तिथं आज सिमेंटचे ठोकळे असतील. मोबाइलच्या नकाशापेक्षा समोरच्या पाटीवर विश्वास ठेव.

शिवाय आता उसाचा हंगाम. कराड सोडलंस की रेठऱ्याच्या, पुढे साखराळ्याच्या कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. मागे लाल दिवा असेलच असं धरू नकोस, अंधारात बाहेर आलेले वाढे तेवढे आधी दिसतात. असा ट्रॅक्टर चढणीवर तुझ्यापुढे असला, तर तिथल्या तिथे त्याला मागे टाकायची घाई नको. तो मुख्य रस्त्याला लागू दे, तूही लाग, मग उजवीकडून जा.

नेर्ले गेलं की डावी लेन धरायला सुरुवात कर. तेव्हा डावा आरसा नीट बघ बाई! आपल्याकडे ट्रकवाले उजवी लेन अडवून बसतात, त्यामुळे बाकीचे डावीकडून सुसाट सुटतात. शहाण्यासारखं चाललेल्यालाच इथे जास्त जपून राहावं लागतं, काय करणार. ब्रेक मात्र मुख्य लेनमध्ये दाबू नकोस. रॅम्पवर गाडी पूर्ण आली की मग वेग उतरव. तिथेही नजर लांब ठेव, कारण वळसा वाचवायला एखादा दुचाकीवाला उलटा चढत असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात उलट दिशेनं गाडी हाकणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय, पण त्याच्या लेखी कायदा म्हणजे समोर पोलीस दिसला तर.

आणि पेठ नाका हुकला, तर हुकला. ऐन वेळी पांढरे पट्टे तुडवत आत घुसायचं नाही, कडेला थांबून रिव्हर्स तर मुळीच नाही. कामेरीकडे सरळ पुढे जा, वळायची सोय दिसेल तिथून परत फिर. फोन करून ‘ताई, आता कुठून वळू’ असं चालत्या गाडीतून विचारू नकोस. इस्लामपूरला चहाला थांबलीस की कर.