चारही शर्यती पळायच्या, पण जीव एकीतच ओतायचा

प्रश्न : मी कोपरला राहते, वय २६. हाफ मॅरेथॉन धावते. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, सातारा हिल, वसई-विरार आणि जानेवारीत मुंबई, सगळीकडे पूर्ण जोर लावते. तरी वेळ वाढतेच आहे. तीन महिने पाळीही आलेली नाही. काय करू?

उत्तर : आधी पाळीचं बघा. सराव जास्त आणि खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं. पुढे हाडं ठिसूळ होऊन बारीक फ्रॅक्चरही होतात. ‘धावणाऱ्या मुलींचं असंच असतं’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासून घ्या. तोवर वेगाचा सराव बंद. पहाटे उपाशीपोटी धावू नका. निघण्यापूर्वी केळं आणि परतल्यावर तासाभरात पोळी-भाजी, अंडी किंवा उसळ खा.

आता हंगाम. मुख्य शर्यत एकच ठेवा, मुंबई. ठाणे हा पावसातला सराव समजा. साताऱ्यात यवतेश्वरचा चढ घड्याळ न बघता चढा, तो पेडर रोडला कामी येईल. उतारावर मात्र जपून, मांड्या तिथेच भरून येतात. वसई-विरार सपाट, तिथे फक्त मुंबईसाठी ठरवलेला वेग आजमावा. प्रत्येक शर्यतीनंतर दोन आठवडे हलकं धावा.

साताऱ्याच्या ललिता बाबर यांनी जानेवारी २०१४ मध्ये मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात सलग तिसरं विजेतेपद मिळवलं आणि मग स्टीपलचेसवर लक्ष एकवटलं. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१६ ला रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी. निवड करणं म्हणजे माघार नव्हे, ताई. आधी बऱ्या व्हा, वेळ नक्की सुधारेल.