वैद्यक-सहायकाची परीक्षा आणि अभ्याससाहित्याची निवड

अमेरिकेतील एखाद्या दवाखान्यात रुग्णाला तपासणारी, रोगाचे निदान करणारी आणि औषध लिहून देणारी व्यक्ती दर वेळी डॉक्टरच असते असे नाही. पुष्कळदा ती फिजिशियन असिस्टंट, म्हणजे वैद्यक-सहायक असते. या व्यवसायाचा आरंभ १९६५ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ड्यूक विद्यापीठात झाला. त्या काळी डॉक्टरांचा तुटवडा जाणवत होता. दुसरीकडे, नौदलात वैद्यकीय सेवेचा प्रत्यक्ष अनुभव घेऊन परतलेल्या तरुणांना नागरी जीवनात त्या अनुभवाला साजेसे काम मिळत नव्हते. डॉ. यूजीन स्टेड यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. पहिल्या वर्गात असे चार तरुण होते. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. २०२१ मध्ये या व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘फिजिशियन असोसिएट’ हे नाव स्वीकारले, तरी जुने नाव अजून प्रचारात आहे. भारतातही १९९२ मध्ये चेन्नई येथे अशा शिक्षणाचा पाया घातला गेला. प्रस्तुत विवेचन मात्र अमेरिकेतील परीक्षेपुरते मर्यादित आहे.

साधारणपणे सत्तावीस महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा केल्यावर विद्यार्थ्याला राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते. अशी परीक्षा प्रथम १९७३ मध्ये घेण्यात आली. ती उत्तीर्ण झाल्यावाचून व्यवसायाचा परवाना मिळत नाही. शिक्षण संपल्यापासून सहा वर्षांत अधिकात अधिक सहा वेळा परीक्षेस बसता येते. ही मर्यादा संपली की संपूर्ण अभ्यासक्रम नव्याने करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रथमच बसणाऱ्यांपैकी दहांतले नऊ जण उत्तीर्ण होतात, ही गोष्ट धीर देणारी आहे. तथापि मागे राहणाऱ्या विद्यार्थ्याची नोकरी लांबते आणि शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचे ओझे वाढते. अशा विद्यार्थ्याजवळ साहित्याची वाण असते असे क्वचितच घडते. उलट संक्षिप्त मार्गदर्शिका, जाडजूड ग्रंथ, प्रश्नसंच, ध्वनिमुद्रित व्याख्याने, आठवणपत्रिका यांचा ढीग त्याच्यासमोर असतो आणि यातील काय घ्यावे, याहीपेक्षा काय सोडावे, हे त्याला उमगत नाही.

परीक्षेचे स्वरूप

साहित्य निवडण्यापूर्वी परीक्षेचे स्वरूप नीट पाहणे आवश्यक आहे. परीक्षेत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात. ते ६० प्रश्नांच्या पाच भागांत विभागलेले असून प्रत्येक भागाला ६० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. मधल्या विश्रांतीसाठी एकूण ४५ मिनिटे असतात. गुण २०० ते ८०० या पट्टीवर मोजले जातात आणि ३५० गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो. येथे क्रमांक पटकावायचा नसतो, उंबरठा ओलांडायचा असतो.

परीक्षा घेणारे मंडळ विषयांची वाटणी आराखड्याच्या रूपाने जाहीर करते. २०१९ मध्ये अमलात आलेल्या आराखड्यात हृदय व रक्ताभिसरण यांना १३ टक्के, श्वसनसंस्थेला १० टक्के, तर त्वचारोगांना ५ टक्के वाटा होता. ३०० प्रश्नांच्या हिशेबाने त्यानुसार हृदयावर सुमारे ३९ आणि त्वचेवर सुमारे १५ प्रश्न येत असत. या दोन्ही विषयांत सारखाच कच्चा असलेल्या विद्यार्थ्याने आरंभ कोठून करावा, हे यावरून स्पष्ट होते. जानेवारी २०२५ पासून सुधारित आराखडा लागू झाला. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम मंडळाचा ताजा आराखडा मिळवावा आणि प्रत्येक विषयापुढे स्वतःची तयारी प्रामाणिकपणे नोंदवावी. हा कागद बिनमोल असतो आणि पुढील सर्व खरेदी त्याच्या आधारे व्हावयास हवी.

ग्रंथ आणि रुग्ण यांच्या उलट वाटा

पाठ्यग्रंथ रोगाच्या नावापासून सुरू होतो. आधी शीर्षक, मग कारणे, लक्षणे, तपासण्या आणि शेवटी उपचार असा त्याचा क्रम असतो. रुग्ण याच्या नेमका उलट येतो. तो रोगाचे नाव सांगत नाही, तक्रार सांगतो. परीक्षेतील प्रश्नही रुग्णाच्या वाटेने जातो.

एक उदाहरण घेऊ. छातीत धडधडते, वजन घटते आहे, उकाडा सोसवत नाही आणि हात थरथरतात, अशी तक्रार घेऊन एक तरुणी येते. प्रथम कोणती तपासणी करावी? थायरॉइड ग्रंथी अधिक काम करीत असल्याचा संशय घेऊन रक्तातील टीएसएच या संप्रेरकाचे प्रमाण पाहणे, हे उत्तर बहुतेकांना येते. आता प्रश्नात एकच वाक्य वाढवावे : ती दोन महिन्यांची गर्भवती आहे. या एका वाक्याने पुढचा सारा मार्ग बदलतो. किरणोत्सर्गी आयोडीन देऊन करावयाची तपासणी वर्ज्य ठरते. औषधांत एरवी प्रथम पसंतीचे असणारे मेथिमाझोल पहिल्या तीन महिन्यांत टाळून प्रोपिलथायोयुरॅसिल द्यावे लागते. ज्याने केवळ ‘थायरॉइडचे विकार’ हे प्रकरण चारदा वाचले आहे, त्याला या सर्व गोष्टी माहीत असतात. परंतु मिनिटभरात त्यांतली नेमकी कोणती येथे लागू पडते, हे ठरविण्याची सवय त्याला झालेली नसते. ही सवय प्रश्न सोडवूनच जडते.

वाचन आणि आठवण

१८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने विस्मरणाचा वेग मोजला, तेव्हापासून स्मृतीचा प्रयोगांनी अभ्यास होत आला आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे विशेष उद्‌बोधक आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणारे सरस ठरले. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांना अधिक स्मरत होते. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचे परीक्षण केले. त्यांत स्वतःची चाचणी घेणे व अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे या दोन पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. ओळींखाली रेघा ओढणे आणि पुनर्वाचन यांचा क्रम बराच खाली लागला.

यातून निवडीची मुख्य कसोटी हाती येते. साहित्यात काय आहे, यापेक्षा ते विद्यार्थ्याकडून काय करवून घेते, हे पाहावे. रंगीत तक्त्यांनी सजलेली मार्गदर्शिका वाचताना सर्व काही समजल्याचा भास होतो. प्रश्नसंच तो भास मोडतो. म्हणूनच तो नकोसा वाटतो आणि म्हणूनच तो हवा असतो.

पुस्तकाचे वय

वैद्यकातील जुने पुस्तक हे केवळ जुने नसते. ते काही ठिकाणी चुकीचे झालेले असते. २०१७ मध्ये अमेरिकेतील हृदयरोगविषयक संस्थांनी उच्च रक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० वर आणली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाळणी तपासणी सर्वसाधारण व्यक्तीने पन्नाशीत सुरू करावी, असे दीर्घकाळ शिकविले जात असे; २०२१ मध्ये हे वय ४५ करण्यात आले. पुनरुज्जीवन प्रक्रियेत आधी श्वास व मग छातीवर दाब, हा प्रौढांसाठीचा क्रम २०१० मध्ये उलटा झाला. वरच्या वर्गातील मित्राकडून फुकट मिळालेले पुस्तक घ्यावे की नाही, याचा निर्णय अशी दोन-तीन स्थळे उघडून पाहिल्यास पाच मिनिटांत होतो. शरीररचना व शरीरक्रिया यांचे जुने ग्रंथ बहुधा चालतात. उपचार, लसीकरण आणि चाळणी तपासण्या यांसाठी नवी आवृत्तीच हवी.

वेळेचा हिशेब

पैशापेक्षा वेळ अधिक दुर्मीळ असतो. समजा, विद्यार्थी दिवसाला ४० प्रश्न सोडवितो. प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट आणि त्याचे स्पष्टीकरण वाचण्यास तीन मिनिटे धरली, तर रोजचे १६० मिनिटे, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे या कामी जातात. आठवड्यातील सहा दिवस असे काम केल्यास आठ आठवड्यांत १,९२० प्रश्न होतात. म्हणजे सुमारे २,००० प्रश्नांचा एकच संच दोन महिने पुरतो. या हिशेबानंतर दुसरा आणि तिसरा संच विकत घेण्याचा मोह आपोआप ओसरतो.

प्रश्नसंच निवडताना त्यातील स्पष्टीकरणे तपासावीत. बरोबर पर्याय का बरोबर आहे, एवढेच सांगणारा संच अर्धेच शिकवितो. इतर पर्याय का चुकीचे आहेत आणि रुग्णाच्या कोणत्या लक्षणाने ते बरोबर ठरले असते, हे सांगणारा संच एका प्रश्नात चार प्रश्नांचे काम करतो. त्याच्या जोडीला एक आटोपशीर उजळणीचे पुस्तक आणि शंका पाहण्यासाठी ग्रंथालयातील एक मोठा संदर्भग्रंथ, एवढी सामग्री बहुतेकांना पुरेशी होते.

चौथे साधन विद्यार्थ्याने स्वतः तयार करावयाचे असते. ते म्हणजे चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चुकीचा प्रकार लिहावा : माहिती नव्हती, माहिती होती पण दोन रोगांत गल्लत झाली, की प्रश्नच घाईने वाचला. पहिल्या प्रकारावर पुस्तक हा उपाय आहे. दुसऱ्यावर दोन्ही रोग शेजारी-शेजारी मांडणारा, हाताने काढलेला तक्ता हा उपाय आहे. तिसऱ्यावर कोणतेही पुस्तक उपयोगी पडत नाही. तेथे घड्याळ लावून केलेला सराव हवा. तिसऱ्या प्रकारच्या चुका अधिक असूनही नवी पुस्तके घेत राहणारा विद्यार्थी चुकीच्या रोगावर औषध घेत असतो.

वर्ज्य साहित्य

परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेल्या प्रश्नांच्या याद्या कोठे मिळत असल्यास त्यांना स्पर्श करू नये. परीक्षेतील प्रश्न गोपनीय असतात आणि त्यांची देवघेव उघडकीस आल्यास प्रमाणपत्राचा हक्क धोक्यात येतो. शिवाय पाठ केलेले उत्तर एका प्रश्नाला लागू पडते. रुग्ण मात्र ठरलेल्या प्रश्नाप्रमाणे आजारी पडत नाही.

परीक्षा उत्तीर्ण झाल्याने अभ्यास संपत नाही. प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दर दोन वर्षांनी १०० श्रेयांकांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते आणि दहा वर्षांच्या आवर्तनात ज्ञानाची पुन्हा कसोटी द्यावी लागते. पुढे कधी तरी, गर्दीच्या वेळी, धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या तरुणीला ‘आपण गर्भवती आहात का?’ असे विचारण्याचे भान वैद्यक-सहायकाला राहिले पाहिजे. जे साहित्य हे भान अंगवळणी पाडते तेच घेण्याजोगे. बाकीचे कपाटात शोभून दिसले तरी पुरे.