जाड वायर म्हणजे सुरक्षित वायर? मैदानावरच्या दिव्यांचा एक धडा



दहावीच्या वर्गात मी हमखास विचारतो, "वायर जाड असली की जास्त व्होल्टेज सोसते ना?" निम्मा वर्ग "हो सर!" म्हणून मोकळा होतो. उत्तर चूक आहे. तांब्याची जाडी (१.५ किंवा २.५ चौ. मिमी) ठरवते करंट किती वाहील ते. व्होल्टेज किती सोसेल हे वरच्या आवरणावर, म्हणजे इन्सुलेशनवर अवलंबून असतं.

हे मला एका स्नेहसंमेलनाने नीट शिकवलं. मैदानावर ४०० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा लावला होता. चोक आणि इग्निटरची पेटी खांबाच्या बुडाशी, दिवा वर टोकाला, मध्ये साधी पण चांगली जाड वायर. दिवा पेटेचना. पेटीतून रात्रभर टिकटिक येत राहिली. सकाळी पाहिलं तर वर दिव्यापाशी वायरचं आवरण काळं पडलेलं! खाली मुलं खेळत होती.

असं का झालं? घरचा पुरवठा २३० व्होल्ट, त्याचं शिखर साधारण ३२५ व्होल्ट. पण सोडियम किंवा मेटल हॅलाइड दिव्यातला वायू थंड असताना वीज वाहू देत नाही. म्हणून इग्निटर ४ ते ५ हजार व्होल्टचे क्षणिक झटके देतो. म्हणजे शिखराच्या बारा-पंधरा पट! दिवा पेटला की झटके थांबतात. वायर लांब असेल तर झटका वाटेतच क्षीण होतो, दिवा पेटत नाही आणि साधा इग्निटर झटके देतच राहतो. दिवा संपला तरी तेच.

म्हणून वायर निवडताना तीन टप्पे वेगळे धरा :

१) पुरवठा ते चोक : इथे २३० व्होल्टच. ११०० व्होल्ट वर्गाची वायर पुरेशी.

२) इग्निटर ते दिवा : इग्निटरवर छापलेला कमाल झटका आणि कमाल अंतर वाचा. त्या झटक्याला योग्य अशीच वायर घ्या, आणि पेटी दिव्याजवळ ठेवा.

३) होल्डरजवळ : इथे उष्णताही असते. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचं. सिलिकॉन रबराची वायर १८० अंशांपर्यंत टिकते.

पाऱ्याच्या साध्या दिव्याला सहसा इग्निटर लागत नाही, त्याच्या आतच सहायक इलेक्ट्रोड असतो. त्यामुळे "तिकडे हीच वायर चालली होती" हे कारण इथे लागू पडत नाही.

वर्गात वायरचे तुकडे आणा आणि त्यांवरची छपाई मुलांकडून वाचून घ्या. चालू दिव्याला किंवा पेटीला मात्र कुणीही हात लावायचा नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

पालकहो, पुढच्या संमेलनाआधी वायरमनला एवढंच विचारा, "इग्निटर दिव्यापासून किती लांब आहे, आणि मधली वायर किती व्होल्टची?"