आधी वाचायची परवानगी, लिहायची मागाहून

पोरी, भोपाळच्या अवधपुरीतल्या घराचा माळा आवरताना आजीच्या पत्रांच्या आणि मंडळाच्या जमाखर्चाच्या फ्लॉप्या निघाल्या, एक जुनी हार्ड डिस्कही निघाली, हे छान झालं. आता ते सगळं लिनक्सवर उतरवायचं म्हणतेस. उतरव, पण मामाच्या चार गोष्टी गाठीला बांधून ठेव. भेलच्या कारखान्यात पॅनेलला हात लावायच्या आधी आम्ही सप्लाय बंद करायचो, फ्यूज काढून खिशात टाकायचो आणि हँडलवर पाटी अडकवायचो, ‘काम चालू है’. जुन्या डिस्कलाही हीच शिस्त लागते.

पहिली बंदी हाताने घाल. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकव. भोक आरपार दिसलं की तिच्यावर लिहिणं बंद. सव्वापाच इंचीचा न्याय उलटा. तिच्या कडेची खाच उघडी असेल तर लिहिता येतं, बुजवली की बंद. खाचेवर काळी पट्टी लाव, पारदर्शक सेलोटेप नको. बऱ्याच ड्राइव्हमध्ये तिथे प्रकाशाने तपासणी होते.

मग बुरशी बघ. भोपाळचे किती पावसाळे त्या फ्लॉप्यांनी काढले असतील! साडेतीन इंचीचं पत्र्याचं झाकण सरकवून तबकडी उजेडात फिरव. पांढुरके डाग दिसले तर ती फ्लॉपी बाजूला काढ. फ्लॉपीत हेड तबकडीला घासूनच चालतं. एका फ्लॉपीची घाण हेडला लागली की पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते.

नावावर विसंबू नकोस. जुन्या मशीनमधला आतला फ्लॉपी ड्राइव्ह ‘एफडी-शून्य’ या नावाने दिसतो. यूएसबीवरचा मात्र हार्ड डिस्कांच्या रांगेत बसतो, म्हणजे ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’. आज जो बी आहे तो उद्या सी होईल. म्हणून प्रत्येक वेळी ‘एलएसबीएलके’ चालवून आकार बघ. दीड एमबीच्या आसपास दिसली ती फ्लॉपी, जीबीत दिसली ती डिस्क. हार्ड डिस्कच्या पार्टिशनचा यूयूआयडी ‘बीएलकेआयडी’ने काढ आणि तोच वापर. आणि हो, बाजारातले यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतात. सव्वापाच इंचीसाठी बहुधा रिबन केबलवालं जुनं मशीन शोधावं लागेल.

परवानगी मोजून दे. फ्लॉपी वाचता येत नाही म्हणून उठसूट रूट होऊ नकोस. डेबियनमध्ये ‘फ्लॉपी’ नावाचा गट असतो, त्यात स्वतःचं नाव घातलंस की आतल्या ड्राइव्हचं काम भागतं. ‘डिस्क’ गटाच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. त्यातला माणूस फाइलींची सगळी कुलपं ओलांडून थेट डिस्कवर वाचू-लिहू शकतो. ते रूटपद दिल्यासारखंच.

कोणती डिस्क कशी जोडायची हे ‘एफस्टॅब’ या फाइलीत लिहिलेलं असतं; तिला हात लावायच्या आधी तिची प्रत काढ. फ्लॉपीच्या ओळीत ‘आरओ’, ‘नोऑटो’ आणि ‘यूजर’ हे पर्याय घाल. म्हणजे ती फक्त वाचायला उघडेल, आपोआप जोडली जाणार नाही आणि जोडायला रूट लागणार नाही. हार्ड डिस्कला ‘आरओ’ आणि ‘नोफेल’ दे. नोफेल विसरलीस आणि डिस्क लावलेली नसली तर मशीन सुरू होताना साधारण दीड मिनिट वाट बघतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. आणखी एक खोच आहे. डिस्क ईएक्सटी-४ असेल तर नुसतं ‘आरओ’ पुरत नाही, कारण अर्धवट राहिलेला जर्नल पुरा करायला लिनक्स तिच्यावर लिहितं. तिथे ‘नोलोड’ही घाल. ओळ लिहून झाली की रीस्टार्ट करायच्या आधी ‘फाइंडएमएनटी’च्या ‘व्हेरिफाय’ने ती तपासून घे.

काम मूळ डिस्कवर करायचं नाही, तिच्या प्रतिमेवर, म्हणजे हुबेहूब प्रतीच्या फाइलीवर करायचं. त्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ घे. ती आधी धड भाग उचलते, अडलेले भाग मागाहून पुन्हा वाचून बघते, आणि नोंदवही दिलीस तर मध्येच थांबवलेलं काम तिथूनच पुढे नेते. साधी ‘डीडी’ वापरलीस तर ‘आयएफ’ म्हणजे कुठून आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठे, हे मोठ्याने वाचून मगच एंटर दाब. यांची अदलाबदल झाली तर भलतीच फाइल आजीच्या पत्रांवर चढेल. नेहमीच्या साडेतीन इंची हाय डेन्सिटी फ्लॉपीची प्रतिमा नेमकी 14,74,560 बाइटची भरायला हवी: 2 बाजू, दर बाजूला 80 ट्रॅक, दर ट्रॅकला 18 सेक्टर, दर सेक्टरला 512 बाइट. कमी भरली तर वाचन अर्धवट झालंय. पूर्ण भरली म्हणजे सगळं धड वाचलं असंही नाही, त्यासाठी नोंदवही बघ. मग ती प्रतिमा ‘लूप’ने उघड आणि हवं ते कॉपी कर.

फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर ती लगेच खराब म्हणून टाकू नकोस. युनिकोड रुळण्याआधीचं टायपिंग बहुधा शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटांत झालेलं असतं आणि त्यांत प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. आधी तो फाँट लावून मजकूर वाचून बघ, मग त्याच फाँटसाठीच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आण. मूळ फाइल तशीच ठेव, कारण रूपांतरात जोडाक्षरं तुटतात. आकडे तर एकेक करून ताडून घे. मंडळाच्या जमाखर्चात एक शून्य इकडचं तिकडे झालं, तर गेल्या पिढीच्या खजिनदाराला उत्तर द्यायला तूच उभी राहशील.