जुन्या बाजारातली पारख

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी जुना बाजार भरतो. कुलुपे, कंदील, पितळी भांडी, जुनी नाणी. सारे रस्त्याकडेला मांडलेले. थोड्या पैशांत चांगली वस्तू मिळते, पण पारख हवी.

राणीछाप रुपया घ्यायचा आहे? मग खिशात लोहचुंबक न्या. चांदी चुंबकाला चिकटत नाही. रुपया चिकटला तर तो खोटा. न चिकटला, तरी लगेच भुलू नका. वजन करा. खरा रुपया तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरतो; झिजलेला किंचित कमी. मग अक्षरे वाचा. ती इंग्रजी असतात, म्हणून शाळेत जाणारे पोर बरोबर घ्या. १८७७ सालापासून राणीच्या नावापुढे ‘एम्प्रेस’ आले. त्याआधी ‘क्वीन’ असे. साल १८६२ आणि शब्द ‘एम्प्रेस’, असे दिसले तर नाणे खाली ठेवा. विकणारा रागावेल. रागावू द्या.

पितळेचा हंडा घेताना त्यात पाणी ओता व जरा थांबा. झाळलेल्या जागेतून पाणी पाझरते का, ते बघा. पातेले असेल तर आत कल्हई आहे का? नसेल तर कल्हईचा खर्च धरूनच भाव करा. कल्हईवाचून त्यात ताक, आमटी ठेवू नका, ती कळकते.