‘नॉट’ कुणाला लागलंय ते बघ

पोरी, उद्यापासून तू पिंपळगावला पॅकहाउसमध्ये कागदपत्रांच्या टेबलाशी बसणार. द्राक्षाचं मी तुला काय सांगू, बागेतच वाढलीस तू. पण जानेवारी ते मार्च कंटेनरमागून कंटेनर न्हावाशेव्याला निघतात, तेव्हा नुसता माल चांगला असून भागत नाही. कागद चुकला की माल अडतो. आणि कागदात सगळ्यात जास्त घात करतं ते इवलंसं ‘नॉट’. पंचवीस हंगाम मी हेच काम केलं, म्हणून सांगते.

आधी हे बघ. एका कागदावर लिहिलंय ‘मस्ट नॉट बी साइन्ड’, दुसऱ्यावर ‘नीड नॉट बी साइन्ड’. दिसायला एका शब्दाचा फरक. पहिल्याचा अर्थ सही करता कामा नये. दुसऱ्याचा अर्थ सही नसली तरी चालेल. मस्टजवळचं नॉट कामाला लागतं, म्हणून ती मनाई. नीडजवळचं नॉट गरजेला लागतं, म्हणून ती सूट. इंग्रजीत दोन्हीकडे नॉट एकाच जागी बसलेलं असतं, त्यामुळे नुसतं वाचून फसायला होतं. मराठीत आपण शब्दच वेगळा घेतो, एकीकडे ‘नये’, दुसरीकडे ‘गरज नाही’. म्हणून ओळ आधी मनातल्या मनात मराठीत म्हण. जीभ कुठे अडखळली, तर तिथेच थांब.

हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. लेटर ऑफ क्रेडिटसाठी, म्हणजे एलसीसाठी, जगभरच्या बँका जे नियम धरतात, ते यूसीपी 600, 1 जुलै 2007 पासून लागू आहेत. त्याचं 18वं कलम इन्व्हॉइसचं. इन्व्हॉइस माल विकणाऱ्यानं दिलेलं दिसलं पाहिजे, एलसी उघडणाऱ्याच्या नावे असलं पाहिजे, एलसीच्याच चलनात असलं पाहिजे. असे तीन ‘मस्ट’ झाले की चौथ्या जागी येतं ‘नीड नॉट बी साइन्ड’. घाईत वाचणारा चारही ओळी एकाच सुरात वाचतो आणि सही चालतच नाही असं धरून बसतो. सही केलीस तरी काही बिघडत नाही. आणि एलसीतच ‘साइन्ड इन्व्हॉइस’ मागितलं असेल, तर ती सूट गेली, सही हवीच. एलसीचा शब्द वरचढ.

‘मे नॉट’ला मात्र फार जप. माझ्या तिसऱ्या हंगामात एका खरेदीदाराच्या सूचनांत होतं, तपासणीनंतर लेबलं ‘मे नॉट बी चेंज्ड’. मी वाचलं, लेबलं कदाचित बदलली जाणार नाहीत. सुपरवायझरनं विचारलं, बदलू का? मी हो म्हटलं. अर्थ होता, बदलायची परवानगी नाही. त्या रात्री दोन वाजेपर्यंत सगळ्या बाया कोल्ड स्टोरेजच्या दारात शाली गुंडाळून जुनी लेबलं पुन्हा लावत होत्या. त्यांचे गारठलेले हात मी विसरले नाही. तेव्हापासून मी एकच विचारते, ही ओळ नियम सांगतेय की अंदाज? करार, सूचनापत्र, लेबल यांत ‘मे नॉट बी’ आलं तर ती बंदी समज. शिपिंगवाल्याच्या मेलमध्ये जहाज शुक्रवारआधी ‘मे नॉट बी बर्थ्ड’ असं असेल, तर तो अंदाज, कदाचित धक्क्याला लागणार नाही. आणि तू स्वतः लिहिशील तेव्हा ‘मे नॉट’ लिहूच नकोस. मनाईला ‘मस्ट नॉट’, अंदाजाला ‘माइट नॉट’.

आपल्याकडेही मनाईच्या पायऱ्या आहेत बरं. ‘करू नये’ आणि ‘करता कामा नये’ एक नव्हेत. ‘शुड नॉट बी’ला पहिलं पुरतं, ‘मस्ट नॉट बी’ला दुसरं लागतं. हल्ली ऑफिसांत ‘नाही केलं पाहिजे’ असं ऐकू येतं, ते हिंदीच्या वळणाचं. ते बोर्डावर लिहू नकोस, मनाई आहे की सूट हे वाचणाऱ्याला कळत नाही.

‘नॉट’पुढे ‘हॅव बीन’ आलं की सगळं फिरतं. मेल ‘मस्ट नॉट हॅव बीन रिसीव्ह्ड’ म्हणजे मेल मिळाला नसावा, मनाईचा तिथे संबंध नाही. बॉक्स ‘शुड नॉट हॅव बीन ओपन्ड’ म्हणजे उघडायला नको होते. ती तक्रार आहे. तिला ‘नोटेड’ असं उत्तर देऊन सोडलंस, तर समोरचा भडकेल. कोणी उघडले, कधी, किती, ते लिही.

आणि ‘कोणी’वरून आठवलं. इंग्रजीची ही कर्मणी रचना कर्ता गिळून टाकते. औषधांच्या अंशांची मर्यादा ‘मस्ट नॉट बी एक्सीडेड’. कबूल, पण कोणी ओलांडायची नाही? 2010 साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशांमुळे. तिकडची तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. मर्यादा ठरलेली होती, पण आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. त्या वर्षी निफाड-दिंडोरीच्या घराघरांत लोकांनी जेवण टाकलं होतं, तू लहान होतीस. म्हणून सूचना मराठीत उतरवताना कर्ता परत आण. ‘कापणीपूर्वी फवारणी केली जाऊ नये’ असं लिहून बागेत पाठवू नकोस. व्याकरणात त्या वळणाला नवीन कर्मणी म्हणतात, ते इंग्रजीवरून आलंय, आणि त्यात कोणालाच आपल्याला सांगितलं असं वाटत नाही. ‘भाऊ, इतक्या तारखेनंतर या प्लॉटमध्ये हे औषध मारू नका,’ असं लिही, तारीख आणि औषधाचं नाव घालून. जिथे कर्ता नको असेल, तिथे आपलं साधं ‘बॉक्स उघडू नयेत’ पुरेसं आहे, ‘जाऊ’ आणि ‘द्वारा’ हवेत कशाला?

अजून एक. ‘ऑल बॉक्सेस नीड नॉट बी वेड’ दिसलं की पेन खाली ठेव आणि फोन उचल. एकाही बॉक्सचं वजन करायची गरज नाही, की सगळ्यांचं करायची गरज नाही, काही पुरतील? लिहिणाऱ्यालाच विचार, आणि उत्तर मेलवर मागून घे.

रविवारी गोदाघाटावरून परतताना इकडे ये. माझ्या कपाटात जुन्या एलसींच्या झेरॉक्स आहेत, नावं खोडलेल्या. लाल पेन्सिल घेऊन बसू, प्रत्येक नॉटला गोल कर आणि ते कुणाला लागलंय तिथवर बाण काढ. पहिले दहा मी बघते, पुढचे तू एकटीनं कर.